ऑपरेशनच्या सोबतीला भागिरथाबाई

आमच्या सासूचं नाव भागिरथा. शेलूबाजारकडल्या आमच्या गावात कोण्याही बाईले विचारा, का वं, तुह्या ऑपरेशनले सोबत कोण आलं होतं? ती आईचं नाव घेणार नाई, नवऱ्याचं तं नाईच नाई. ती म्हणेल, भागिरथाबाई. अन् ऑपरेशन म्हणजे आमच्याकडं एकच, लेकरं पुरे झाल्यावर बाई करून घेते ते. बाकीच्या ऑपरेशनाईले लोक नावानिशी सांगतात.

हा काई तिचा धंदा नाई. ती शेतात रोजीनं जाते. पण कोणाच्या घरचं बोलावणं आलं का विळा खाली ठेवते अन् खुंटीवरची थैली खांद्यावर घेते. थैलीत एक गोधडी, एक थर्मास, लेकराचं दुपटं अन् एक जुनं मऊ पातळ. ते पातळ घडी घालून बाईच्या पोटाले बांधायचं, म्हणजे जीप आदळली तरी टाके ओढत नाईत. डॉक्टरनं कापायचं तेवढं कापावं, बाकी सगळं हिचं. बाई आत असली का तिचं लेकरू मांडीवर घेऊन वऱ्हांड्यात बसणार, बाई बाहेर आली का तिच्या तोंडावरून ओला हात फिरवणार. परत येताना उस्मानभाईच्या जीपमध्ये पुढं बसून त्यालेच दम देणार. "उस्मान, हळू घे. मांगं बाई झोपली हाय, सोयाबीनचं पोतं नाई." उस्मानभाई बिचारा दुसऱ्या गिअरच्या वर जात नाई.

घरी आणलं का बाज टाकायची, बाईच्या कानाले फडकं बांधायचं, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवायची अन् वरून ओवा टाकायचा. शेक देल्याशिवाय हिचा जीव थाऱ्यावर येत नाई. निघताना त्या बाईच्या नवऱ्याले अंगणात उभं करते. "हिनं भरली बादली उचलेली मले दिसली, तं मी तुह्या दारात येऊन बसन, अन् साऱ्या वस्तीले आयकू जाईन असं बोलन." नवरे भेतात बाप्पा तिले. मीबी भेत होती, खोटं कायले बोलू?

मी सरिता, तिची एकुलती एक सून. घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. मालक अश्वजित, उस्मानभाईकडंच जीपवर ड्रायव्हर हायेत. पल्लवी अन् तिच्या पाठचा प्रसेनजित, अशी दोन लेकरं. दोन्ही लेकरं पोट फाडूनच झाली. प्रसेनजितच्या वक्ताले कमरेत सुई देल्याबरोबर माहं बीपी असं खाली गेलं का डोक्यावरचा लाईट दिसेनासा झाला. मागून समजलं, रक्ताच्या बाटल्या लागल्या अन् हे बाहेर भिताडाले टेकून लेकरासारखे रडत होते.

पोट उघडणारच हाय तं नळ्याबी बांधून टाकू का, असं डॉक्टरीणबाईनं ऑपरेशनच्या आधी विचारलं होतं. पण पोरगं लय अशक्त, जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवा लागन, हे आधीच सांगितलेलं. अन् आमच्याकडची रीत अशी, का लहानगं पायानं चालल्याशिवाय बाईचं ऑपरेशन करायचं नाई. आत्याबाईच, म्हणजे आमची सासूच म्हणल्या, "लेकरू आधी आपलं होऊ द्या." मीबी मान हलवली. तेव्हा तेच बरोबर वाटलं.

प्रसेनजित आपला झाला. चालला, पळाला, कोंबड्याईच्या मागं लागला. पण माह्या मागं निराळंच लागलं. तांबी बसवली तं अर्धा महिना कपडे धुण्यात जायचा. ती काढली. गोळ्या घेतल्या तं डोकं ठणकायचं अन् बीपी आता वर पळायचं, म्हणून नर्सबाईनं त्याबी बंद केल्या. मंग मागच्या साली तुरी फुलावर होत्या तेव्हा माही पाळी चुकली. माय वं, ते दिवस! मशीनवर बसली का शिवण वाकडी जायची. मरणाचं भेव वाटत नाई म्हणणारी बाई खोटी. मले वाटत होतं. पल्लवीची वेणी घालता घालता मनात यायचं, उद्या हिची वेणी कोण घालन? शेवटी पाळी आली. मी न्हाणीचं दार लावून हमसून हमसून रडली.

त्याच आठवड्यात आमी दोघं डॉक्टरीणबाईकडं गेलो. बाई सरळ बोलणारी. म्हणाली, "सरिता, तिसरं बाळंतपण तुमच्या जिवावर बेतेल. आता हे मिटवून टाका. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही कायमचे, म्हणजे उद्या मन बदललं तर परत फिरता येईल असं धरून चालू नका. तुमचं करायचं तर पुन्हा पोटात शिरावं लागेल. आधीच्या दोन ऑपरेशनांनी आत चिकटलेलं असणार, आणि भुलीनं मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. होणारच नाही असं नाही, मोठ्या दवाखान्यात करता येईल. पण धोका जास्त. यांचं करायचं तर तेवढीच जागा बधिर करायची, एक बारीक छिद्र, टाकासुद्धा नाही. त्याच दिवशी घरी."

हे पंख्याकडं पाहत होते. पंख्याकडंच पाहत बोलले, "म्याडम, मंग माणसाची ताकत?"

बाई हसली नाई, त्याचे उपकार. म्हणाली, "ताकद जात नाही, इच्छा जात नाही, जीपवर पोती चढवता येतात. फक्त बीज बाहेर यायची वाट बंद होते. पण ती वाट लगेच साफ होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासणी करायची. ती चांगली आली की काळजी संपली. घाई नाही. घरी जा, दोघांनी ठरवा."

आमच्या वस्तीत गड्यानं ऑपरेशन केलं असं कोणी आयकलं नव्हतं. नसबंदी म्हटलं का जीपच्या स्टँडवर माणसं एकमेकाले कोपर मारून हसतात. ह्याईनं आपणहून तयार व्हावं अशी माही लय इच्छा होती, पण मागायचं कसं? जिवाचं मागणं तोंडातून निघत नाई.

काई दिवसांनी मी मशीनवर होती. हे बाजूले येऊन बसले, सुताचं रीळ हातात घेऊन फिरवत.

"सरिता, मी करून घेतो."

मी पाय थांबवले. "कोणी सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई. त्या दिवशी तुले बाहेर आनलं ना, तवा तुह्या हाताले हात लावला होता. थंडगार. तो हात मले जीप चालवतानाबी आठवते. पुन्हा नाई लावाचा मले तसा हात."

रीळ त्याईच्या हातातून घेतलं अन् उगाच दोरा ओवत बसली. डोळ्यातल्या पाण्यानं सुईचं भोक दिसे ना.

"पन मायले सांगू नोको," हे म्हणाले.

घोडं तिथंच अडलं होतं. आत्याबाईनं आपल्या मनानं माहं ऑपरेशन केव्हाच ठरवून टाकलं होतं. मऊ पातळ धुऊन वाळवलं, डिंक आणून डब्यात भरला. "थंडीतच करून घेऊ वं सरिता. उन्हायात टाका पिकते. तुह्या पोटाले जास्त मऊ पायजे, दोनदा फाटलेलं पोट हाय." ती हे मायेनं बोलायची अन् मी मशीनवर खाली मान घालून शिवत राहायची. डॉक्टरीणबाई जिवाचं काय बोलली, ते आमी तिले सांगतलं नव्हतं. अन् ह्याईचं कसं, मायनं एकदा नाई म्हटलं का गाडी रिव्हर्समध्येच. जन्मात कधी मायचा शब्द मोडला नाई. एकुलता एक पोरगा. त्याच्या अंगाले सुरी लागू देईल का ती? वस्तीतल्या एवढ्या बायाईले घेऊन गेली, गडी एकबी नाई. ती नाई म्हणणार, हे मुकाट होणार, अन् टेबलावर पुन्हा मीच, असं मले दिसत होतं.

म्हणून थाप मारली. जीपचं काम हाय वाशीमले, सरिताले मशीनचं सामान घ्याचं हाय. आत्याबाई तुरी पाखडत होत्या. म्हणाल्या, "जा. लेकरं मी पाहतो. येताना लसून आना."

उस्मानभाईले मात्र सांगा लागलं, कारण परत येताना जीप कोण चालवणार? दवाखान्यात हे आत गेले तेव्हा तोंड परीक्षेले निघालेल्या पोरासारखं. अन् आमी टपरीवर चहा सांगतला नाई तं हे बाहेर. उस्मानभाई कप धरून उभाच राह्यला. "हो गया? इतनाच? मी चाय बी पुरी नाई पेलो अजून." हे पाय जरा फाकवून चालले, बस. माह्या अंगावरून कोणी दगडाची रास उतरवली असं वाटलं. नर्सबाईनं सगळं समजावून सांगतलं: घट्ट लंगोट, थंड पाण्याची घडी, दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाई, अन् तीन महिन्यानं तपासणीले या.

लसूण विसरलो ते विसरलोच, पण खरी चूक निराळीच झाली. उस्मानभाईच्या हाताले सवय. जीपमध्ये ऑपरेशनचं माणूस, म्हणजे दुसरा गिअर. कोणी सांगतलं नाई, तरी शेलूबाजारपासून घरापर्यंत त्यानं जीप तशीच आणली, खड्डा न् खड्डा चुकवत. अन् आमच्या अंगणात कोण बसेल होतं? ज्या बाईनं ती सवय लावली तीच.

ती सूप घेऊन उभी राह्यली. जीप एवढी हळू येऊन राह्यली म्हणजे काय, हे तिच्याहून जास्त कोणाले समजणार? तिनं आधी मले पाह्यलं. मी टुणकन खाली उतरली. मंग हे उतरले, एका हातानं दार धरून, एकेक पाय जपून.

"कोनाचं झालं?" तिनं विचारलं.

उस्मानभाई म्हणाला, "मावशी, मी निघतो, लय काम हाय," अन् ह्या वक्ताले चौथ्या गिअरमध्ये पळाला.

आत्याबाईनं सूप खाली ठेवलं. मले वाटलं, आता आभाळ फाटते. ती घरात गेली, खुंटीवरची थैली घेऊन बाहेर आली, अन् मले म्हणाली, "पाहत काय राह्यली? बाज टाक."

बास. राग नाई, रडणं नाई. बाज टाकली, गोधडी टाकली, पोराले झोपवलं, अन् त्याच्या कानाले फडकं बांधलं. हो बाप्पा, बाळंतिणीसारखं! मिशीवाला माणूस, कानाले फडकं, वरून पांघरूण. शेजारची रुखमाबाई "सरिताचं झालं का वं?" करत आली अन् बाजेवर अश्वजितले पाहून पदर तोंडात कोंबून तशीच मागं फिरली. मले भेव असूनबी हसू आवरे ना.

मंग तिनं शेगडी आणली.

हे म्हणाले, "माय, डॉक्टरनं थंडं ठेवा म्हटलं."

"डॉक्टरले काय समजते शेकातलं? आजलोक कोन्या बाईचं बिघडलं का?"

निखारे बाजेखाली गेले, ओवा तडतडला, धूर झाला. हे गपगुमान पडले. मायपुढं बोलायची सवयच नाई ना. मीबी चूल पेटवत बसली, म्हटलं एवढं मोठं सोसून घेतलं तिनं, शेकाचा हट्ट तरी राहू द्या. पण दिवस मावळायले ह्याईनं बाजेची दोरी मुठीत धरली. कपाळाले घाम. मी पांघरूण बाजूले करून पाह्यलं तं सूज टरारलेली. मंग माहं डोकं फिरलं. लग्न होऊन आल्यापासून ह्या बाईपुढं मी आवाज चढवला नव्हता, तो तेव्हा चढवला.

"आत्याबाई, काढा ती शेगडी! बाईचं पोट नाई हे! तुमाले गरम मालूम हाय, याले थंड लागते. माह्या जिवासाठी पडला हाय हा माणूस इथं, त्याले भाजू नोका!"

पल्लवी दारात उभी. आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं, मंग पदर हातावर घेऊन शेगडी बाजेखालून ओढली अन् तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फस्स झालं. लगेच माठातल्या पाण्यात धुतलेलं फडकं बुडवलं, पिळलं, घडी घातली, माह्या हातात देलं अन् पाठ करून बसली. मी नर्सबाईले फोन केला. तिनं सांगतलं, शेक बंद, थंड घड्या ठेवा, गोळी द्या, ताप आला किंवा सूज वाढत गेली तं लगेच घेऊन या. ताप आला नाई. थंड घड्याईनं ह्याईची मूठ सुटली, अन् डोळा लागला.

तेव्हा आत्याबाई बोलली. पाठमोरीच.

"मले काहून नाई सांगतलं?"

आता लपवून काय करायचं? मी सगळं सांगतलं. डॉक्टरीणबाईचं बोलणं, माह्या पोटाचं, भुलीचं, चुकलेल्या पाळीचं. अन् म्हटलं, "तुमी नाई म्हटलं असतं तं? एकुलता एक लेक हाय तुमचा."

ती वळली.

"माहं कुठी झालं मालूम हाय का तुले? शाळेत, क्यांपात. खाली सतरंजीवर निजवलं होतं. बैलगाडीत घरी आनलं. तुहा सासरा भिवाजी मानूस वाईट नव्हता वं, पन त्याच्या मनातच आलं नाई. बाईचंच अस्ते म्हने. कापसाचे दिवस होते, दुसऱ्याच हप्त्यात मी वेचाले गेली. टाका उकलला. पोटाले ओटी बांधून कापूस वेचला मी, ओटी कापसानं कमी भरली अन् रगतानं जास्त भिजली. पानी द्याले कोनी नव्हतं. तवापासून जातो मी बायाईसंगं. हरेक नवऱ्याच्या तोंडाकडं पाहतो. वाटते, हा तरी म्हनन का माहं करा म्हनून. एकबी बोलला नाई आजलोक."

तिनं बाजेवरच्या लेकाकडं पाह्यलं.

"अन् जो बोलला तो माह्या पोटचा निंगाला, तं तुमी मलेच घरी ठेवलं? साऱ्या गावासंगं गेली मी, अन् माह्या लेकासंगं उस्मान गेला?"

मी तिचे पाय धरले नाईत, आमच्यात तसं नाई. मी तिच्या गळ्यात पडली. तिच्या पातळाले ओव्याचा अन् धुराचा वास येत होता. ती म्हणाली, "सोड वं, घडी गरम झाली असन, बदल." अन् मंग आमी दोघींनी आळीपाळीनं घड्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी सूज उतरायले लागली. आठवडाभर तिनं लेकाले बादलीच काय, चहाचा कपबी उचलू देला नाई. डिंकाचे लाडू मात्र केले. त्याले नाई म्हणायची कोणाची छाती?

तीन महिने आमी नीट सांभाळलं. तपासणीच्या दिवशी जीप काढली तं आत्याबाई थैली खांद्यावर घेऊन आधीच पुढच्या सीटवर.

हे म्हणाले, "माय, आज काई कापत नाईत. नुसती तपासनी हाय."

"असू दे. तू चालव, मी बसतो."

उन्हाचा कडाका, दवाखान्यात गर्दी. ती वऱ्हांड्यातल्या आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात बसली, मांडीवर प्रसेनजित, हातात थर्मास. नर्सबाई तिले ओळखते. "काय भागिरथाबाई, आज कोणाला आणलं?"

"माह्या लेकाले," ती एवढ्या मोठ्यानं बोलली का बाकावरच्या चार गड्याईनं माना वळवल्या. मले वाटलं होतं तिले लाज वाटन. तिची मान ताठ होती.

दुपारी नर्सबाई बाहेर आली. "चांगलं आहे सगळं. आता काही काळजी नाही." मी ह्याईकडं पाह्यलं, हे माह्याकडं. आत्याबाईनं प्रसेनजितले खाली उतरवलं अन् उठून नर्सबाईच्या अगदी जवळ गेली. मले वाटलं, लेकाच्या ताकतीचं विचारते. आई हाय, विचारणारच.

ती म्हणाली, "बाई, नीट सांग. म्हंजे आता माह्या सुनेच्या जिवाले भेव नाई ना?"

"नाही हो. त्या बाजूनं आता निश्चिंत राहा."

तिनं डोळे मिटले, अन् लांब श्वास सोडला. मंग खाली बसून थैली उघडली, ते मऊ पातळ काढलं अन् माह्या हातात देलं. "घे. तुह्या पोटाले बांधाले ठेवलं होतं. आता नाई लागत. पल्लवीले परकर-गिरकर शिव."

ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याईच्या टाक्याईले जपलं, तिले माह्या अंगावर पुन्हा टाका पडला नाई याचा एवढा आनंद! अन् मी तिलेच भेत होती. ह्या दोघा मायलेकाचे उपकार मी कुठी ठेवू? मले वऱ्हांड्यात, सगळ्या लोकाईपुढं रडू आलं. हे आपले खाली मान घालून चप्पलेनं फरशी घासत उभे.

"रडून काहून राह्यली वं आता?" आत्याबाई म्हणाल्या. "चाल, पोरगं भुकेजलं. अन् येताना लसून घ्या लागते, मांगच्या वक्ताले तुमी विसरले."

मी पातळ उराशी धरून जीपमध्ये बसली. हे जीप दुसऱ्या गिअरमध्येच चालवू लागले, तं तिनं मागं वळून माह्याकडं पाह्यलं अन् लेकाच्या पाठीत एक धपका मारला. "जोरात घे रे. आज कोनाले काई झालं नाई."